अंधाऱ्या खोलीत उतरलेले जग

अमेरिकन छायाचित्रकार आबेलार्दो मोरेल यांच्या कलाजीवनाचा परिचय

कौलारू घराच्या माजघरात उतरणारे कवडसे ज्यांनी न्याहाळले आहेत, त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. कौलांमधील फट चौकोनी असो वा वेडीवाकडी, जमिनीवर पडणारा उजेडाचा ठिपका बहुधा गोलच असतो. याचे कारण असे की, तो ठिपका म्हणजे फटीचा आकार नसून प्रत्यक्ष सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी हेच कवडसे चंद्रकोरीसारखे दिसू लागतात. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या जागी लहानशा झरोक्यातून गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर उमटते आणि ती पर्यटकांना आवर्जून दाखविली जाते. जयपूरच्या जंतरमंतरमधील षष्ठांश यंत्रातही अंधाऱ्या दालनात छिद्रातून पडणाऱ्या सूर्यप्रतिमेच्या साहाय्याने सूर्याचे स्थान मोजण्याची योजना आहे.

या सर्वांमागील तत्त्व एकच. प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो. अंधाऱ्या खोलीला बारीक छिद्र ठेवले की बाहेरच्या इमारतीच्या शिखराकडून येणारे किरण छिद्रातून खाली उतरतात, पायाकडून येणारे किरण वर चढतात आणि समोरच्या भिंतीवर बाहेरचे दृश्य उलटे उमटते. लॅटिन भाषेत अशा खोलीला ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’ म्हणजे ‘अंधारी खोली’ असे म्हणतात. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये असलेल्या ‘कॅमेरा’ या शब्दाचे मूळ या खोलीत आहे. प्राचीन चिनी विचारवंत मोझी यांच्या परंपरेतील ग्रंथात या तत्त्वाचा उल्लेख आढळतो. अकराव्या शतकात अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथम यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. म्हणजे हा शोध नवा नाही. तरीही एका कलावंताने विसाव्या शतकाच्या अखेरीस या जुन्या तत्त्वाकडे नव्या नजरेने पाहिले आणि जागतिक कीर्तीची चित्रमालिका निर्माण केली. त्या कलावंताचे नाव आबेलार्दो मोरेल.

हवानाहून न्यूयॉर्ककडे

मोरेल यांचा जन्म १९४८ साली क्यूबाची राजधानी हवाना येथे झाला. १९५९ साली फिडेल कॅस्ट्रो यांच्या नेतृत्वाखाली क्यूबात क्रांती झाली आणि पुढील काही वर्षांत हजारो कुटुंबांनी देश सोडला. मोरेल कुटुंब १९६२ साली अमेरिकेत आले. काही काळ न्यू ऑर्लिन्स येथे काढून ते न्यूयॉर्कमध्ये स्थिरावले. वडिलांनी एका इमारतीच्या देखभालीचे काम पत्करले आणि त्याच इमारतीच्या तळघरात कुटुंबाचा संसार सुरू झाला. भाषा परकी, हवामान परके आणि डोक्यावर अवाढव्य महानगर, अशा परिस्थितीत या मुलाचे कुमारवय गेले.

शिष्यवृत्ती मिळवून १९६७ साली त्यांनी मेन राज्यातील बोडन महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे जॉन मकी या शिक्षकांच्या वर्गात त्यांची छायाचित्रणाशी गाठ पडली आणि आयुष्याला दिशा मिळाली. जी मनःस्थिती नव्या भाषेत सांगता येत नव्हती, ती कॅमेऱ्यातून सांगता येऊ लागली. त्या काळात रॉबर्ट फ्रँक, डायेन आर्बस, आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांसारख्या छायाचित्रकारांचा तरुण पिढीवर मोठा प्रभाव होता. मोरेलही छोटा कॅमेरा घेऊन रस्त्यावरील जीवन टिपू लागले. परदेशातून आलेल्या तरुणाला अनोळखी माणसांच्या गर्दीत आपलेच एकाकीपण दिसत असेल, असे त्यांची ती जुनी छायाचित्रे पाहताना वाटते.

शिक्षणाचा मार्ग मात्र सरळ नव्हता. बोडनची पदवी हाती येण्यास १९७७ साल उजाडले. पुढे १९८१ साली येल विद्यापीठातून त्यांनी छायाचित्रणातील उच्च पदवी संपादन केली आणि १९८३ पासून बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स कॉलेज ऑफ आर्टमध्ये अध्यापनास आरंभ केला. २०१० पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, ते तेथे शिकवीत होते. ज्या बोडनने त्यांना दहा वर्षांनी पदवी दिली, त्याच संस्थेने १९९७ साली त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देऊन गौरविले.

घराकडे वळलेला कॅमेरा

१९८६ साली मोरेल यांना मुलगा झाला. त्याचे नाव ब्रेडी. रस्तोरस्ती भटकून क्षण टिपणारा हा छायाचित्रकार आता बहुतांश वेळ घरात राहू लागला. कलावंताच्या आयुष्यात असा काळ कसोटीचा असतो. संसारामुळे कला मागे पडली, अशी खंत अनेकांच्या तोंडून ऐकू येते. मोरेल यांनी मात्र त्या बंधनालाच विषय बनविले. त्यांनी हातातला छोटा कॅमेरा ठेवून तिकाटण्यावर उभा राहणारा, मोठ्या फिल्मचा, जड व संथ कॅमेरा घेतला आणि तो जमिनीलगत, रांगणाऱ्या बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला.

त्या उंचीवरून घर वेगळेच दिसू लागले. १९८७ सालच्या छायाचित्रात मुलाचे लाकडी ठोकळे गगनचुंबी मनोऱ्यासारखे उभे आहेत. साधी कागदी पिशवी आतून पाहिली की खोल गुहेसारखी भासते. पुढे कन्या लॉरा हिचा जन्म झाला. १९९४ सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रात घराची सावली बाहेर जमिनीवर पडली आहे, सावलीच्या त्या घराला खडूने दारे-खिडक्या काढल्या आहेत आणि दोन्ही मुले त्यात पहुडली आहेत. घर म्हणजे भिंती की भिंतींची सावली, असा प्रश्न हे चित्र हळुवारपणे विचारते. बालपणी ज्याचे घर मागे राहिले, त्याने हे चित्र काढावे, यात नवल नाही.

खोली हाच कॅमेरा

महाविद्यालयात शिकविताना मोरेल विद्यार्थ्यांना छायाचित्रणाचे मूलतत्त्व समजावून देण्यासाठी एक प्रयोग करीत. स्वच्छ उन्हाच्या दिवशी वर्गाच्या खिडक्या काळ्या प्लॅस्टिकने बंद करावयाच्या आणि एक लहान छिद्र ठेवावयाचे. काही क्षणांत बाहेरचा रस्ता, मोटारी, माणसे भिंतीवर उलटी चालू लागत. विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचा विस्मय पाहून मोरेल यांच्या मनात विचार आला की, सर्वांना ठाऊक असलेल्या या चमत्काराचेच छायाचित्र का घेऊ नये?

१९९१ साली त्यांनी प्रथम एक साधी रचना टिपली. पुठ्ठ्याचे खोके, त्याला चिकटपट्टीने बसविलेले भिंग आणि समोर पेटता दिवा. खोक्याच्या आत त्या दिव्याची उलटी प्रतिमा दिसते. कॅमेरा म्हणजे काय, हे याहून सोपे करून सांगणे कठीण. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथील आपल्या शयनगृहाच्या खिडक्या त्यांनी काळ्या प्लॅस्टिकने झाकल्या, सुमारे एक सेंटिमीटरचे छिद्र ठेवले, खोलीत मोठा कॅमेरा उभा केला, त्याचे झाकण उघडले आणि ते खोलीबाहेर पडले. रस्त्यापलीकडची घरे त्यांच्या पलंगामागील भिंतीवर उलटी अवतरली.

हे चित्र घेणे वाटते तितके सोपे नव्हते. छिद्र मोठे केले तर उजेड वाढतो. परंतु प्रतिमा पुसट होते. छिद्र लहान केले तर प्रतिमा रेखीव होते. परंतु उजेड इतका घटतो की फिल्मवर काहीच उमटत नाही. या दोहोंमधील नेमका समतोल साधल्यानंतरही एका छायाचित्राला पाच ते दहा तास, बहुधा आठ तास लागत. दिवसभर झाकण उघडे ठेवून थांबायचे आणि मधेच आभाळ भरून आले, तर सारे श्रम वाया. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे सरके, त्यामुळे इमारतीच्या दोन्ही बाजूंचा उजेड एकाच चित्रात साठे. रस्त्यावरून जाणारी माणसे आणि वाहने मात्र इतक्या दीर्घ अवधीत कोठेही न थांबल्याने चित्रातून नाहीशी होत. जे स्थिर, तेवढेच उरे.

पुढील काही वर्षांत एकापाठोपाठ एक खोल्या उजळत गेल्या. १९९२ साली ब्रेडीच्या खेळण्यांनी भरलेल्या खोलीत ब्रुकलाइनमधील घरे उतरली. १९९४ साली न्यूयॉर्कमधील एका शयनगृहात एम्पायर स्टेट बिल्डिंग पलंगावर उलटी येऊन पहुडली. १९९६ साली एका प्रशस्त दालनात मॅनहॅटनचा दक्षिण भाग छताकडून लोंबू लागला. १९९७ साली हॉटेलच्या खोलीत टाइम्स स्क्वेअर अवतरला. जगातील सर्वाधिक गजबजलेल्या या चौकात दीर्घ अवधीमुळे जणू कोणी माणूसच नाही! १९९९ साली पॅरिसमधील पाँतेऑन ही भव्य वास्तू शेजारच्याच हॉटेलातील खोलीत शिरली.

एकच युक्ती वारंवार वापरली की ती गारुड्याचा खेळ ठरण्याचा धोका असतो. मोरेल यांना या धोक्यापासून वाचविले ते खोलीच्या निवडीने. बाहेरचे दृश्य कितीही भव्य असो. त्यांच्या चित्रात खोलीतील चादरीची सुरकुती, भिंतीवरील विजेचे बटण, कोपऱ्यातील खुर्ची यांनाही तितकेच महत्त्व असते. शहराची गगनचुंबी इमारत आणि कोणाच्या तरी उशीचा अभ्रा एकाच भिंतीच्या आत शेजारी नांदतात. आपण सारे जग घेऊन झोपतो आणि जग मात्र आपल्याला ओळखत नाही, ही महानगरातील माणसाची अवस्था एवढ्या सोप्या रीतीने क्वचितच कोणी दाखविली असेल.

चाळीस वर्षांनंतर हवाना

२००२ साली मोरेल यांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा प्रसंग घडला. चाळीस वर्षांनंतर ते क्यूबात गेले. निर्वासित कुटुंबाला असा प्रवास सोपा नसतो. ज्या राजवटीमुळे घर सोडावे लागले, ती अद्याप सत्तेवर असताना परत जाणे म्हणजे जुन्या जखमेला हात लावणे. तरीही ते गेले आणि बरोबर काळे प्लॅस्टिक व कॅमेरा घेऊन गेले.

हवानातील एका खोलीची भिंत पडझड झालेली होती. त्या भिंतीवर त्यांनी ‘ला हिराल्दिया’चे दृश्य उतरविले. हवानाच्या जुन्या किल्ल्याच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखविणारी स्त्रीची एक लहान मूर्ती आहे. तिचे हे नाव असून ती शहराचे प्रतीक मानली जाते. ही मूर्ती म्हणजे समुद्रमोहिमेवर गेलेल्या आणि कधीही न परतलेल्या पतीची वाट पाहणारी इसाबेल दे बोबादिया, अशी आख्यायिका आहे. परतीची वाट पाहणाऱ्या त्या प्रतीकाची उलटी प्रतिमा फुटक्या भिंतीवर, आणि ती टिपणारा चार दशकांनी परतलेला पुत्र. या चित्राला वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही. बालपणाचे गाव त्यांना परत मिळाले नाही. परंतु एका दिवसापुरते ते एका खोलीत मावले. अॅली ह्युमेनक यांनी मोरेल यांच्यावर काढलेल्या ‘शॅडो ऑफ द हाउस’ (२००७) या माहितीपटात या प्रवासाचा भाग आहे.

पुस्तके आणि नोटा

कॅमेरा ऑब्स्क्युरासाठी मोरेल यांचे नाव सर्वदूर झाले असले, तरी त्यांनी स्वतःला एकाच वाटेत अडकवून घेतले नाही. १९९८ साली त्यांनी ‘अॅलिस इन वंडरलँड’ची छायाचित्रे केली. त्यात जॉन टेनिअल यांच्या मूळ चित्रांमधील पात्रे कापून ती खऱ्या पुस्तकांच्या दुनियेत उभी केली आहेत. २००२ साली ‘अ बुक ऑफ बुक्स’ हे केवळ पुस्तकांच्या छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पाण्याने फुगलेली पाने, जाडजूड शब्दकोशाची कडा, उघडलेल्या ग्रंथावर पडलेला उजेड, असे त्याचे विषय. ग्रंथालयात जन्म गेलेल्यालाही ही चित्रे पाहून आपण पुस्तक प्रथमच पाहतो आहोत, असे वाटावे.

नकाशे आणि चलनी नोटा हेही त्यांच्या कॅमेऱ्याचे विषय झाले. बँकेच्या व्यवहारात आपण नोटेकडे पाहतो ते तिचे मूल्य पाहण्यासाठी. तिचा कागद, तिच्या कडा, तिच्यावरील बारीक रेषा यांकडे लक्ष जाण्यास फुरसत नसते. मोरेल यांच्या दृष्टीने प्रत्येक वस्तू आधी वस्तू असते, तिचा उपयोग नंतर.

रंग, प्रिझम आणि तंबू

सुमारे पंधरा वर्षे कृष्णधवल चित्रे काढल्यानंतर २००५ पासून मोरेल रंगाकडे वळले. छिद्रावर भिंग बसविल्याने प्रतिमा अधिक रेखीव झाली. प्रिझम वापरून उलटी प्रतिमा सुलटीही करता येऊ लागली. डिजिटल तंत्र आल्यावर तासांचे काम मिनिटांवर आले. पूर्वी जे ढग दिवसभराच्या अवधीत विरून जात, ते आता चित्रात टिकू लागले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे दृश्य त्यांनी २००८ ते २०१३ या काळात वेगवेगळ्या ऋतूंमध्ये खोलीत उतरविले. ऋतू बदलले की त्याच भिंती हिरव्या, तांबूस, पांढऱ्या होतात. तंत्र वेगवान झाले, तरी ऋतूची वाट पाहावीच लागली.

पण जेथे खोलीच नाही, तेथे काय? वाळवंटात, डोंगरात, समुद्रकाठी? या प्रश्नातून २०१० च्या सुमारास ‘तंबू कॅमेरा’ जन्माला आला. प्रकाश आत येणार नाही असा तंबू उभारावयाचा, त्याच्या शिखरावर पाणबुडीच्या पेरिस्कोपसारखे भिंगाचे साधन बसवावयाचे, म्हणजे भोवतालचे दृश्य तंबूतील जमिनीवर उतरते. तेथील खडी, गवत, वाळू किंवा गच्चीची फरशी हाच चित्राचा पडदा होतो. टेक्सासमधील बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात याचे आरंभीचे प्रयोग झाले. पुढे योसेमिटी, यलोस्टोन, न्यूयॉर्कच्या गच्च्या अशा अनेक ठिकाणी हा तंबू उभा राहिला. एकोणिसाव्या शतकात कार्लटन वॉटकिन्स, विल्यम हेन्री जॅक्सन यांसारखे छायाचित्रकार अमेरिकेच्या पश्चिम भागात काचा, रसायने आणि काळोखा तंबू खेचरांवर लादून हिंडत. मोरेल यांचा तंबू त्या परंपरेला केलेले अभिवादनच होय. २०१५ साली फ्रान्समधील जिव्हर्नी येथे क्लोद मोने यांच्या बागेतही त्यांनी तंबू ठोकला. जमिनीच्या खडबडीत कणांवर उमटलेली ती बाग एखाद्या तैलचित्रासारखी दिसते.

या कार्याची दखल वेळोवेळी घेतली गेली. १९९३ साली गुगनहाइम फेलोशिप, २०११ साली इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीचा इन्फिनिटी पुरस्कार असे मान त्यांना मिळाले. न्यूयॉर्कमधील म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि मेट्रोपॉलिटन म्युझियम यांच्या संग्रहांत त्यांची चित्रे आहेत. २०१३ साली शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये भरलेले त्यांचे सिंहावलोकन प्रदर्शन पुढे लॉस एंजेलिस व अटलांटा येथेही गेले.

त्यानंतरची एक मालिका विशेष हृद्य आहे. पत्नी लिसा यांच्या वाढदिवसाला खरी फुले देण्याऐवजी मोरेल यांनी फुलांचे छायाचित्र भेट दिले. फुले कोमेजतात, छायाचित्र टिकते, एवढाच साधा हेतू. पण एका भेटीतून दुसरी कल्पना सुचली, दुसरीतून तिसरी आणि २०१८ साली ‘फ्लॉवर्स फॉर लिसा’ हे संपूर्ण पुस्तकच सिद्ध झाले. एकच विषय किती परींनी पाहता येतो, याचा तो वस्तुपाठ आहे.

घरी करून पाहा

सुटीच्या दिवशी मुलांसह हा प्रयोग सहज करता येईल. समोर उन्हात न्हालेली इमारत किंवा झाड असलेली खोली निवडावी. खिडक्या व फटी काळ्या कागदाने किंवा जाड पुठ्ठ्याने पूर्ण बंद कराव्यात. मधोमध एक सेंटिमीटर व्यासाचे गोल छिद्र ठेवावे. समोरची भिंत पांढरी असल्यास उत्तम. नसल्यास पांढरी चादर टांगावी. डोळे अंधाराला सरावण्यासाठी दहा मिनिटे शांत बसावे. हळूहळू रस्ता, झाडे, आकाश भिंतीवर उलटे दिसू लागेल. छिद्र थोडे लहान-मोठे करून प्रतिमेतील फरकही पाहता येईल. मात्र छिद्रातून थेट सूर्याकडे कधीही पाहू नये, ही सूचना मुलांना आधीच द्यावी.

मोरेल यांच्या कारकिर्दीकडे पाहताना त्यांच्या साधनांचा साधेपणा प्रकर्षाने जाणवतो. काळे प्लॅस्टिक, चिकटपट्टी, एक छिद्र, एक भिंत आणि पुष्कळसा वेळ. त्यांच्याजवळ दूरदेशीच्या मोहिमा नव्हत्या, तेव्हा त्यांनी मुलाच्या ठोकळ्यांकडे पाहिले. रस्त्यावर हिंडणे थांबले, तेव्हा रस्ताच घरात बोलावला. विस्थापित माणूस बहुधा गेलेल्या घराकडे पाहत राहतो. मोरेल यांनी मिळालेल्या प्रत्येक खोलीला, मग ती हॉटेलची असो वा पडक्या भिंतीची, एका दिवसापुरते घर मानले आणि जगाला तेथे पाहुणा म्हणून येऊ दिले. त्यासाठी त्यांना खिडकी उघडावी लागली नाही. ती नीट बंद करून एवढेसे छिद्र तेवढे राखावे लागले.